पाण्याचा योगक्षेम

‘योगक्षेम’ हा शब्द गीतेच्या नित्यपाठापासून आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यापर्यंत आपल्या इतक्या वेळां दृष्टीस पडतो कीं, त्याचे दोन अवयव निराळे करून पाहावे असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. योग म्हणजे जें आपल्यापाशीं नाहीं तें मिळविणें. क्षेम म्हणजे जें मिळालें आहे तें सांभाळणें. जुन्या भाष्यकारांनीं हा भेद स्पष्ट करून ठेविला आहे. संसार चालविणाऱ्या गृहिणीला तो भाष्यावांचूनहि कळतो. नवें धान्य घरांत आणणें हें एक काम आणि आणलेल्या धान्यास कीड लागूं न देणें हें दुसरें. पहिलें वर्षांतून एकदां करावयाचें, दुसरें रोज.

हा शब्द येथें आठवण्याचें कारण असें. अलीकडे विद्यापीठांतून पर्यावरण-अभियांत्रिकी शिकविणारे पंडित ‘साधनसुरक्षितता’ या विषयावर वारंवार व्याख्यानें देत असतात. पाणी, अन्न, इंधन, माती, खनिजें हीं जीवनाचीं साधनें पुरेशीं, निर्दोष आणि सर्वांच्या आटोक्यांतलीं असावीं, व आज मिळतात तशीं उद्यांहि मिळत राहावीं, याची शाश्वती म्हणजे साधनसुरक्षितता, अशी त्यांची सर्वसाधारण व्याख्या आहे. नांव नवें आणि उच्चारास जड; अर्थ मात्र आपल्या योगक्षेमाचाच. हें शास्त्र आपल्या प्रांतास परकेंहि नाहीं. नागपुरास १९५८ सालीं केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिचें नांव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था असें झालें, आणि ‘नीरी’ या आटोपशीर नांवानें ती सर्वांस परिचित आहे. प्रारंभीं या शास्त्राचा रोख पाणी शुद्ध कसें करावें आणि सांडपाणी दूर कसें न्यावें एवढ्यावरच असे. आतां प्रश्न एक पायरी मागें सरला आहे. शुद्ध करावयास मुळांत पाणी उरेल काय, असा तो आहे.

हा प्रश्न साऱ्या पृथ्वीविषयीं विचारला म्हणजे आंकड्यांच्या जंजाळांत बुद्धि गोंधळून जाते. म्हणून तो आपण एका जिल्ह्यापुरता, बुलढाणा जिल्ह्यापुरता, विचारूं. वऱ्हाडाच्या पश्चिम टोंकास असलेल्या या तेरा तालुक्यांत पाण्याच्या प्रश्नाचीं बहुतेक सर्व रूपें एकत्र पाहावयास मिळतात.

दोन समुद्रांमधला जिल्हा

अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्यांतून आडवी गेली आहे. तिच्या माथ्यावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगांव राजा, सिंदखेड राजा हा भाग. त्यास आपण ‘घाटावर’ म्हणतों. पायथ्याशीं मलकापूर, नांदुरा, शेगांव, खामगांव हा पूर्णेच्या खोऱ्यांतला काळ्या मातीचा प्रदेश ‘घाटाखालीं’. पूर्णेच्या पलीकडे जळगांव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सातपुड्याच्या पायाशीं बसले आहेत. घाटाखालचें पाणी पूर्णेस, पूर्णेंतून तापीस आणि तापीबरोबर अरबी समुद्रास जातें. घाटावरचें पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा यांच्या वाटेनें गोदावरीच्या खोऱ्यांत उतरून अखेर बंगालच्या उपसागरास मिळतें. एकाच सरींतले दोन थेंब घाटमाथ्यावर हातभर अंतरानें पडले, तर एकाचा प्रवास सुरतेकडे आणि दुसऱ्याचा राजमहेंद्रीकडे सुरू होतो.

ऐकावयास हें मनोरम वाटतें. परंतु त्याचा व्यावहारिक अर्थ कठीण आहे. जो प्रदेश पाणलोटाच्या माथ्यावर वसला आहे, त्याला वरून वाहत येणारें पाणी नसतें. नदीकांठच्या गांवास शेंकडों कोसांवरचा पाऊस उपयोगी पडतो. घाटावरच्या गांवास आपल्या डोक्यावर पडेल तेवढाच. त्याची मिळकत ठरलेली आहे, आणि ठरलेल्या मिळकतीच्या घरांत हिशेब ठेवावाच लागतो.

तेव्हां हिशेब करून पाहूं. जिल्ह्याचें क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आहे. वर्षाचा पाऊस सरासरीनें ७५० मिलिमीटर धरूं. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडतें, हें सूत्र विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या सूत्रानें जिल्ह्यावर वर्षास सुमारें ७२५ कोटि घनमीटर पाणी पडतें. २०११ च्या शिरगणतींत जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ भरली. भागाकार केला तर माणशीं वर्षाकांठीं सुमारें २,८०० घनमीटर पाऊस वांट्यास येतो. आतां गरज पाहा. २०१९ सालीं सुरू झालेल्या जलजीवन योजनेनें खेड्यांतील माणसास रोज ५५ लिटर पाणी मिळावें असें प्रमाण धरिलें आहे. वर्षाचे झाले सुमारें २० घनमीटर. म्हणजे आपल्या वांट्याच्या पावसाचा शंभरावा भागहि पिण्यास, स्वयंपाकास, स्नानास आणि धुण्यास लागत नाहीं. लोकसंख्या त्यानंतर वाढली आहे हें जमेस धरूनहि निष्कर्ष बदलत नाहीं.

हा सारा पाऊस आपल्या हातीं लागणारा नव्हे, हेंहि खरें. त्यांतला मोठा भाग ऊन आणि वारा घेऊन जातात; मोठा भाग पिकें, गवत आणि झाडें पितात; कांहीं नदीनाल्यांनीं वाहून जातो. तथापि शंभरांतला एक भाग धरून ठेवणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें असेल असें कोण म्हणेल? असें असून वैशाखांत गांवाच्या वेशीवर टँकरची वाट पाहत हंडे-कळशांची रांग लागते. इंद्रानें कमी दिलें म्हणून ही रांग लागते, असें या हिशेबावरून तरी दिसत नाहीं.

हौदाचें उदाहरण

अंकगणितांत हौद आणि तोट्या यांचीं उदाहरणें असत. मुलांना तीं कंटाळवाणीं वाटत. ‘भरतां भरतां हौद रिकामा करणारा हा कोण शहाणा?’ असें मुलें विचारीत. त्या शहाण्याची ओळख आतां पटली आहे. एका तोटीनें हौद सहा तासांत भरतो आणि दुसरीनें चार तासांत रिकामा होतो. हौद भरलेला असतां दोन्ही तोट्या सोडल्या तर तो किती वेळांत रिकामा होईल? उत्तर, बारा तास. यांतली मेख अशी कीं, अकराव्या तासालाहि हौदांत पाणी असतें, आणि ज्याला वरची तोटी वाहतांना दिसते त्याला आपण तोट्यांत आहों याची शंकाहि येत नाहीं.

घाटावरचा आपला हौद म्हणजे भूगर्भांतला काळा पाषाण. फार प्राचीन काळीं लाव्ह्याचे थर एकावर एक बसून हा खडक झाला. त्याच्या वरच्या अंगास मुरूम, मांजऱ्या खडक आणि भेगा असतात; पाणी राहतें तें तेवढ्यांतच. असा शंभर घनमीटर खडक पाण्यानें पूर्ण भरला, तरी विहिरीस त्यांतून एक ते तीन घनमीटरच पाणी मिळतें. नदीकांठच्या वाळूचा थर याच्या कित्येक पट पाणी देतो. अर्थात् आमचा हौद दिसावयास अफाट, पण पोटानें फार लहान. चांगल्या पावसांत तो लौकर भरतो आणि उपसा वाढला कीं तितकाच लौकर रिता होतो.

१९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर कूपनलिका, म्हणजे लोकांच्या बोलींतली ‘बोअर’, गांवोगांव आली. जुनी विहीर चाळीस-पन्नास फुटांची. बोअर तिच्या कित्येक पट खोल. खोल गेलें म्हणजे नवें पाणी लागतें, ही समजूत या खडकांत बहुधा फसवी ठरते. भेगा एकमेकींस जोडलेल्या असतात, आणि माझ्या बोअरला लागलेलें पाणी पुष्कळदां शेजाऱ्याच्या विहिरींतूनच खालीं उतरलेलें असतें. यास योग म्हणावें कसें? एका भावानें आपल्या वांट्याचें धान्य म्हणून दुसऱ्याच्या कणगीच्या तळास भोंक पाडण्यासारखें तें आहे. महाराष्ट्र शासनाचा भूजलविषयक कायदा २००९ चा. तो २०१४ पासून अमलांत आला. ६० मीटरांहून खोल विहिरींस त्यानें आळा घातला आहे. कायदा ठीक आहे. परंतु रात्रीं यंत्र आणून पहांटे निघून जाणाऱ्या गाडीच्या मागें कोणता कायदा धांवणार? तेथें गांवानेंच एकमेकांस विचारावें लागतें.

तळीं आणि बारवा

आपल्या धर्मशास्त्रांत यज्ञयागास ‘इष्ट’ आणि विहिरी, बारवा, तळीं, धर्मशाळा, आमराया यांस ‘पूर्त’ म्हटलें आहे. दोहोंचें पुण्य सांगितलें; परंतु पूर्ताचा लाभ कर्त्यापेक्षां वाटसरूस अधिक, हें त्याचें वैशिष्ट्य. या पूर्तधर्माच्या खुणा जिल्ह्यांत जागोजाग आहेत. जिजामातेच्या जन्मानें पावन झालेल्या सिंदखेड राजा येथें जाधवरावांच्या वैभवकाळांतला मोती तलाव आहे, चांदणी तलाव आहे, पुतळा बारव आहे. लोणारास लिंबी बारव आहे. प्रेक्षक त्यांचें शिल्प पाहून परततात. पण बारवेची प्रत्येक पायरी हें पाण्याचें मोजमाप होतें. कोणत्या महिन्यांत पाणी कोणत्या पायरीवर असतें हें गांवच्या बायकांना पाठ असे, आणि दोन पायऱ्या अगोदर उघड्या पडल्या तर हात आंखडावा लागे. बोअरच्या झांकणाखालीं अशी पायरी दिसत नाहीं. डोळ्याआड झालेली ठेव संपतांना कळत नाहीं, हा नव्या सोईचा मोठा दोष आहे.

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत एक मार्मिक योजना सांगितली आहे. नवें तळें किंवा बांध बांधणाऱ्यास पांच वर्षें करमाफी. पडझड होऊन टाकून दिलेलें पुनः उभारणाऱ्यास चार वर्षें. झाडोरा माजलेलें साफ करणाऱ्यास तीन वर्षें. पाणी आपल्या पाळीबाहेर सोडणाऱ्यास त्यानें दंड सांगितला, आणि भरलेल्या तळ्याचा बांध फोडणाऱ्यास देहान्त शासन. या आंकड्यांतलें प्रमाण पाहण्यासारखें आहे. जुन्याची दुरुस्ती ही नव्या बांधकामाच्या जवळजवळ बरोबरीची मानली आहे. आमच्याकडे नव्याच्या भूमिपूजनास मंडप पडतो, कोनशिला बसते, छायाचित्रें निघतात. गाळ काढण्याच्या कामास नारळहि फुटत नाहीं. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथकारास क्षेमाची किंमत आमच्याहून अधिक कळली होती.

परंतु पूर्वजांच्या या स्तुतींत एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्यांच्या हातांनीं हीं तळीं खोदलीं गेलीं आणि ज्यांनीं त्यांचा गाळ उपसला, त्यांपैकीं कित्येकांना त्याच पाण्यास स्पर्श करण्याची मनाई होती, आणि ती मनाई आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांतूनच अधिक कांटेकोरपणें पाळली जात होती. १९२७ सालच्या मार्च महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं महाडच्या चवदार तळ्यावर सहस्रावधि अनुयायांसह ओंजळभर पाणी घेतलें, तेव्हां त्या ओंजळीनें पूर्तधर्मासच त्याचा खरा अर्थ विचारला होता. आजचे अभियंते साधनसुरक्षिततेच्या व्याख्येंत ‘सर्वांच्या आटोक्यांतलें’ असें जें विशेषण घालतात, त्याची किंमत या देशाला पुस्तकांतून शिकावी लागलेली नाहीं. गांवांत एका वाड्याची टांकी भरलेली आणि एका वस्तीचे हंडे पालथे असतील, तर तें गांव सुरक्षित आहे असें म्हणतां येत नाहीं.

रस्त्याची माती, तळ्याचें पाणी

जिल्ह्याचें नांव अलीकडे एका सुंदर युक्तीमुळें देशभर झालें, आणि ती युक्ति क्षेमाचीच आहे. महामार्ग बांधावयाचा म्हणजे भरावास माती आणि मुरूम अपरंपार लागतो. ठेकेदार तो टेकड्या पोखरून किंवा शेतें विकत घेऊन आणतो. दुसरीकडे शेंकडों गांवतळीं आणि नाले गाळानें भरून पडलेले. २०१७ च्या सुमारास या दोन गरजांची गांठ घालण्यांत आली: रस्त्यास लागणारी माती व मुरूम तळीं, नाले आणि नद्यांचीं पात्रें खोल करून न्यावा, त्यावरचें स्वामित्वधन शासनानें सोडून द्यावें. ठेकेदारास माती फुकट, गांवास तळ्याची खोली फुकट. केंद्रीय मार्गपरिवहन मंत्री नितीन गडकरी यांनीं या योजनेचा मोठा पुरस्कार केला, नीति आयोगानेंहि तिची प्रशंसा केली, आणि ‘बुलढाणा पॅटर्न’ या नांवानें ती इतर प्रांतांत गेली. त्याच सुमारास ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही राज्याची योजना निघाली. २०१८ सालीं भारतीय जैन संघटनेनें शासनाच्या सहकार्यानें जिल्ह्यांतील गाळ काढण्याचें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. आणि पानी फाउंडेशनच्या त्या वर्षींच्या स्पर्धेंत मोताळा तालुक्यांतील सिंदखेड हें गांव राज्यांत दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत बसलें.

यांतलें शास्त्र समजून घेण्यासारखें आहे. दहा मीटर रुंद आणि एक मीटर उंच असा भराव एक किलोमीटर घातला तर दहा हजार घनमीटर माती लागते. तेवढी माती तळ्यांतून काढली तर तळ्यांत एक कोटि लिटर पाण्यास नवी जागा होते. दुसरें असें कीं, आपल्याकडच्या उन्हानें उघड्या तळ्यावरचा वर्षाकांठीं सुमारें दीड ते दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन जातो. गाळानें उथळ झालेलें तळें तेवढेंच खोल उरलें असेल, तर त्यांतलें पाणी माणसापेक्षां सूर्यच अधिक पितो. तळ्याचें तोंड तेवढेंच ठेवून पोट खोल केलें, तर वाफ पूर्वीइतकीच होते आणि वाढलेला सांठा आपणांस उरतो. शिवाय काढलेला सुपीक गाळ हलक्या मुरमाड शेतास खतासारखा होतो.

मात्र प्रत्येक औषधास पथ्य असतें. गाळ संपला कीं खोदणें थांबविलें पाहिजे. यंत्र हातीं आहे म्हणून खालचा खडक फोडीत गेलें, तर भूगर्भांतलें पाणी उघड्यावर येऊन उन्हाच्या तोंडीं पडतें. वरच्या डोंगरउतारावर चर, बांध आणि गवत नसेल, तर चार पावसाळ्यांत तळें पुनः भरतें. आणि सर्वांत कठीण पथ्य हें कीं, रस्ता पुरा होऊन ठेकेदार निघून गेल्यावर पुढचा गाळ कोण काढणार हें गांवानें आधींच ठरविलें पाहिजे. रस्ता एकदां होतो. गाळ दरसाल येतो.

खारें पाणी, गोडें पाणी

आतांपर्यंत आपण किती पाणी हें पाहिलें. कसें पाणी हाहि प्रश्न आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून ‘खारपाणपट्टा’ पसरला आहे. तेथें खडक फार खोल असून वर नदीनें आणलेल्या मातीचे जाड थर आहेत, आणि त्या थरांतलें पाणी क्षारयुक्त आहे. शेगांव, नांदुरा, संग्रामपूर, जळगांव जामोद या तालुक्यांतील अनेक गांवीं विहिरीस पाणी लागूनहि घोट घेतां येत नाहीं. तें पिकास दिलें तर काळी माती चिकट होऊन तिचा श्वास कोंडतो. वर्षानुवर्षें तेंच पाणी पिणाऱ्या गांवांतून मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार ऐकूं येते. येथें खोल बोअर हा उपाय नसून अपाय आहे. या भागास सातपुड्याच्या पायथ्याचें वान धरणाचें गोडें पाणी नळानें पोंचविण्याची १४० गांवांची योजना आंखावी लागली. शिवाय पावसाचें पाणी शेततळ्यांत धरणें, हा या पट्ट्याचा खरा आधार आहे. कारण आभाळांतून येतें तेव्हां तें गोडेंच असतें.

घाटावर लोणारचें सरोवर हेंच शिकवितें. आकाशांतून पडलेल्या अशनीच्या आघातानें झालेल्या सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या त्या विवरांत पाणी जावयास वाट आहे, बाहेर पडावयास नाहीं. म्हणून सरोवर खारें. पण कांठावर धारेचें गोडें पाणी अखंड वाहत असतें. २०२० च्या जून महिन्यांत सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां लोकांनीं नाना तर्क केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं परीक्षा करून सांगितलें कीं, क्षार वाढल्यामुळें खाऱ्या पाण्यांत राहणारे अतिसूक्ष्म रंगद्रव्यधारी जीव माजले, त्यांचा तो रंग. पाणी आटलें म्हणून क्षार वाढला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत सरोवर रामसर यादींत जाऊन जगाच्या पाणथळांत मान्यता पावलें. सांठा घटला कीं गुणहि बिघडतो, हें येथें निसर्गानें रंग घालून दाखविलें.

दूरचें पाणी आणि जवळचें

योगाचीहि उपेक्षा करूं नये. भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्द धरणाचें वैनगंगेचें पाणी सुमारें ४२६ किलोमीटर लांबीच्या कालव्यानें मोताळा तालुक्यांतील नळगंगा धरणापर्यंत आणण्याच्या नदीजोड प्रकल्पास राज्य शासनानें २०२४ सालीं मान्यता दिली. पूर्व विदर्भांत पाऊस अधिक, पश्चिम विदर्भांत कमी. तेव्हां कल्पना भव्य आहे आणि तिचें स्वागत केलें पाहिजे. परंतु ज्या गोसीखुर्दावर ती उभी आहे, त्याचा पाया १९८८ सालीं घातला गेला आणि त्याचे कालवे कित्येक दशकें अपुरे राहिले, हेंहि विसरूं नये. नांदुरा तालुक्यांतील पूर्णेवरच्या जिगांव प्रकल्पाची कथाहि अशीच लांबलेली आहे, आणि त्यांत ज्यांचीं घरें जावयाचीं त्यांनीं पिढीभर टांगलेल्या तरवारीखालीं संसार केला आहे. शिवाय दूरचें पाणी येतांना वीज मागतें, पैसा मागतें, आणि वाटेंतल्या पांच जिल्ह्यांची मर्जी मागतें. तें शेवटच्या गांवास पोंचेल तेव्हां पोंचेल. आणि पोंचलें तरी गाळानें भरलेल्या तळ्यांत तें मावणार कोठें? क्षेम नसेल तेथें योग ओतला तरी तो गळूनच जातो.

पाणी वांटून कसें घ्यावें याचेहि धडे महाराष्ट्रांतच आहेत. १९७२ च्या दुष्काळानें व्यथित झालेले पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत नायगांवास ‘पाणी पंचायत’ उभी केली. तिचा दंडक असा कीं, पाणी जमिनीच्या मापानें न देतां माणसांच्या संख्येनें द्यावें: माणशीं अर्ध्या एकरास पुरेल इतकें, आणि कुटुंबास अधिकांत अधिक अडीच एकरांचें. भूमिहीनासहि वांटा, ऊस मात्र कोणीहि लावूं नये. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें गांव दरसाल पाऊस मोजतें, पाण्याचें अंदाजपत्रक मांडतें आणि त्यावरून पिकें ठरवितें. शेतीसाठीं बोअर घेत नाहीं. एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस यांत नवें कांहींच नाहीं. दहा माणसांच्या घरांत दूध दोन शेर असेल, तर ज्याचा हात लांब त्यानें तें प्यावें असें कोणती आजी म्हणेल?

घरच्या कारभाराकडे

हें सर्व वाचून ‘हीं सरकारचीं कामें’ असें म्हणून पान उलटणें सोपें आहे. म्हणून घराचाच हिशेब सांगतों. हजार चौरस फुटांचें छप्पर घ्या. ७५० मिलिमीटर पावसांत त्यावर सुमारें सत्तर हजार लिटर पाणी पडतें. गळती व उडती वजा जातां छपन्न हजार हातीं लागतें. घरांत दहा माणसें आणि माणशीं ५५ लिटर धरले, तर रोजचे साडेपांचशें लिटर. म्हणजे आपल्याच छपराचें पाणी शंभर दिवस पुरावें. सारें टांक्यांत सांठविणें खर्चाचें आहे. पण पहिल्या एक-दोन सरी वाहूं देऊन नंतरचें पाणी वाळू-खडीच्या गाळणींतून अंगणांतल्या विहिरींत सोडण्यास एक पन्हळ आणि एक नळ पुरतो.

वापरलेल्या पाण्यांतला चार-पंचमांश भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. साडेपांचशें लिटरांपैकीं सुमारें चारशें चाळीस! तें गल्लींत डबकें करून डांस पोसतें, किंवा परसांतल्या केळी-अळूस आणि शोषखड्ड्यास जाऊन भूमीस परत मिळतें; निवड आपली. पाणी शुद्ध करण्याचें जें ‘आरओ’ यंत्र हल्लीं स्वयंपाकघरांत टांगलेलें असतें, तें शुद्ध पाण्याच्या एका तांब्यामागें दोन-तीन तांबे मोरींत सोडतें. खारपाणपट्ट्यांत त्याची गरज असेल. जेथें पाणी मुळांत गोडें आहे तेथें तें केवळ प्रतिष्ठेसाठीं असूं नये, आणि असलेंच तर त्याचें सोडलेलें पाणी फरशी पुसण्यास ठेवावें.

घरांतील पुरुषांस एक विनंति. साडेपांचशें लिटर म्हणजे पंधरा लिटरांचे छत्तीस-सदतीस हंडे. ज्या घरीं नळ कोरडा आहे, तेथें ते हंडे बहुधा सुना आणि मुली वाहतात. पाण्याविषयींचे निर्णय, म्हणजे बोअर घ्यावी कीं विहीर दुरुस्त करावी, छपरास पन्हळ लावावी कीं पुढच्या वर्षीं पाहूं, हे मात्र पुष्कळदां ज्यांनीं एकहि हंडा उचलला नाहीं तेच घेतात. ज्याच्या खांद्यावर भार त्याचें मत पहिलें, एवढा नियम पाळला तरी बरेचसे निर्णय क्षेमाच्या बाजूनें होतील.

शेवटीं एक अगदीं स्वल्प खर्चाची सूचना. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते. आपल्या घरच्या किंवा आळीच्या विहिरीची आपण निदान दोन वेळां मोजावी: एकदां वैशाखांत, पाणी अगदीं खालीं गेल्यावर, एकदां कोजागरीच्या सुमारास, भरल्यावर. एक दोर, त्यास बांधलेला दगड आणि फुटाफुटावर मारलेल्या गांठी, एवढें साहित्य पुरे. काम घरांतल्या आठवी-नववींतल्या मुलामुलीकडे द्यावें आणि आंकडा, तिथि व पाऊस घरच्या जमाखर्चाच्या वहींत शेवटच्या पानावर लिहावा. कोजागरीचा आंकडा पावसावर अवलंबून राहील, त्याची फार चिंता नको. वैशाखाचा आंकडा मात्र चार-पांच वर्षें सारखा खालीं जात असेल, तर खालची तोटी वरचीपेक्षां मोठी झाली आहे असें समजावें, आणि ती वही घेऊन शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसावें. त्याचीहि विहीर त्याच खडकांत आहे.